तोंड माजघरात, पाठ कोठीत

मलकापूरचा मिस्तरी पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला तेव्हाच तो मला आवडला नाही. तो माझ्या डोक्यावरून घरात पाहत होता.

"घरात कोणी माणूस नाई काय?" त्यानं विचारलं.

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तसं नाई बाई. माणूस."

बाबा शेतात गेले होते. मी त्याला तसं सांगितलं आणि मशीन दाखवायला आत चला म्हटलं. तो आला नाही. ओट्यावर बसला, पिशवी मांडीशी घेतली, विडी पेटवली आणि बाबा येईपर्यंत बसूनच राहिला. आत माझी माय भिंतीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढत होती, तो आवाज त्याला ओट्यावर ऐकू येत असणार.

मोठा दुष्काळ सरून एखाद-दुसरं वर्ष झालं होतं. मी मोताळ्यालाच प्राथमिक शाळेत मास्तरीण होते आणि लग्न न झाल्यामुळे घरीच राहत होते. मायला दमा होता. हिवाळा ती कसाबसा काढायची, पण मे महिना आला की तिचे हाल पाहवत नसत. दारं उघडी ठेवली की फुफाटा आत येई, आणि बंद केली की तिचा जीव घुसमटे. वाळ्याचे पडदे लावले, पुढं एक पत्र्याचा कूलर आणला, पण ओल्या हवेनं तिची छाती आणखीच भरली. खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओली हवा नको, कोरडा गारवा पाहिजे. आता मोताळ्याला मे महिन्यात कोरडा गारवा कुठून आणायचा?

माझा मोठा भाऊ मुंबईला एका कचेरीत कारकून होता. त्या कचेरीत हवा गार करणारी नवी मशीनं बसली आणि जुनी उतरवलेली नोकरांनाच देऊन टाकली. त्यातलं एक त्यानं घेतलं आणि मालगाडीनं मलकापूरला पाठवून दिलं. तिथून ते कापसाच्या ट्रकवर मोताळ्याला आलं. लोखंडी पेटीच ती, दोन माणसांना उचलत नव्हती. गावातली माणसं पाहायला आली. थंडी करणारी मशीन म्हणजे आत बर्फ असेल असं काहींना वाटलं. बाबा खुर्ची टाकून अंगणात बसले आणि आल्यागेल्याला सांगत राहिले, की पोरानं मायसाठी पाठवली.

मशीन बसवायचं कुठं, इथं खरा घोळ झाला. माय झोपायची माजघरात. माजघराच्या पुढच्या भिंतीत देवघर होतं, मागं स्वैपाकघर. डावीकडची भिंत शेजाऱ्याच्या घराला लागून. उजवीकडं कोठी, म्हणजे धान्य-कापूस ठेवायची खोली. कोठीच्या पलीकडं बोळ होती, आणि त्या बोळीवरून बाबांचा आणि काकांचा, त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा, कोर्टात दावा सुरू होता. बोळ कोणाची, हा एवढाच प्रश्न. पण त्यापायी दोन घरांचं बोलणं, जाणं-येणं, लग्नाच्या पत्रिका, सगळं बंद झालं होतं. कोठीला बोळीकडं एक खिडकी होती. दावा लागल्यापासून तिच्यावर आतूनबाहेरून फळ्या ठोकल्या होत्या. वकिलानं बाबांना सांगितलं होतं, निकाल लागेपर्यंत त्या भिंतीत खिळासुद्धा ठोकू नका.

म्हणून बाबांनी माजघर आणि कोठी यांच्यामधली भिंत फोडली. मशीनचं तोंड माजघरात आलं, पाठ कोठीत गेली. आणि कोठीत होता कापूस. त्या सालचा सगळा वेचा. सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेड खाली लावला म्हणून बाबांनी गाड्या तशाच परत आणल्या होत्या आणि कापूस कोठीत पार आढ्यापर्यंत भरला होता. मशीनच्या पाठीशी हात घालायलाही जागा नव्हती. कोठीचं दार मागच्या अंगणात उघडायचं, त्याला कुलूप, किल्ली बाबांच्या करगोट्याला.

मशीन सुरू केलं की थोडा वेळ गार हवा यायची. माय डोळे मिटायची. मग मशीन घरघर करायचं, आत काहीतरी टक्क वाजायचं आणि नुसतं वारं उरायचं, तेही कोमट. पुन्हा कितीतरी वेळानं टक्क, पुन्हा थोडा गारवा. दुपारी, जेव्हा गरज असे, तेव्हा तर काहीच नाही. म्हणून मलकापूरच्या मिस्तरीला निरोप धाडला होता. थंड पेयांच्या दुकानांतली फ्रिजं तो दुरुस्त करायचा, आणि आमच्या बाजूला त्या कामाचा दुसरा माणूस कोणालाच ठाऊक नव्हता.

बाबा शेतातून आले तेव्हा कुठं मिस्तरी उठला. कोठी उघडून दिल्यावर त्यानं कापूस हातानं बाजूला सारत मशीनची पाठ गाठली. मी दारातच उभी होते. मशीनच्या जाळीवर कापसाचा पांढरा थर बसला होता, गोधडीसारखा. तो त्यानं बोटांनी ओढून काढला आणि बाबांसमोर धरला.

"मालक, हे मागचं तोंड बाहेर पाह्यजे. आतली गर्मी अठून बाहेर फेकते थे. तुमी कापसात काऊन कोंबली?"

"बाहेर नाई काढता येत," बाबा म्हणाले.

"मंग ते खिडकी तरी उघडा."

"ते खिडकी उघडाची नाई."

"आन् कापूस?"

"कापूस कुठी नेऊ? तुह्या घरी?" बाबा चिडले. "तुले मशीन दुरुस्त कराले बोलावलं, घर दुरुस्त कराले नाई बोलावलं."

मिस्तरी हसला. ते हसणं मला अजून आठवतं. त्यात ना राग होता ना गंमत. समोरच्या माणसाचा हिशेब मनातल्या मनात मिटवून टाकताना माणूस हसतो तसं ते होतं. त्यानं हात झटकले.

"बरं. तुमचं घर, तुमची मशीन. गॅस कमी झाला असन. भरून देतो."

दुसऱ्या दिवशी तो गॅसची टाकी घेऊन एसटीनं आला. मशीन भिंतीतून उपसून अंगणात नेलं, निंबाखाली एका पाटावर ठेवलं. त्यानं नळी जोडली, शेगडीसारखी ज्योत पेटवून कुठंकुठं डाग दिले, आणि मग मशीन तिथंच सुरू केलं. अंगणात, भर उन्हात, त्यातून अशी गार हवा आली की शेजारची बाई पदर पसरून समोर उभी राहिली. बाबांचा चेहरा फुलला.

"पाह्यलं?" ते मला म्हणाले. "गॅसच होता."

मशीन पुन्हा भिंतीत गेलं. कापूस पुन्हा त्याच्या पाठीशी सरकला. त्याच दुपारी टक्क वाजलं आणि पुन्हा कोमट वारं सुरू झालं.

मी पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवणारी बाई. मला मशीनमधलं काही कळत नव्हतं. पण अंगणात गार आणि भिंतीत गरम, एवढं तर कोणालाही दिसत होतं. मी रात्रीच्या जेवणाला बाबांना म्हटलं, "मिस्तरी म्हणे ते खरं होतं. खिडकी उघडा."

"वकील काय म्हणे ते तुले माहीत आहे?"

"मायचं काय चालू आहे ते तुमाले माहीत आहे?"

बाबांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. माय आतून म्हणाली, "काऊन बोलतं बाई त्याइले? खाऊ दे." तिला एवढं बोलायलाही दोनदा थांबावं लागलं.

बाबांनी मग अकोल्याच्या दुकानातून दुसरा माणूस बोलावला. हा पँट-शर्टातला, चामड्याची पेटी घेऊन आलेला. स्वतःला मिस्तरी म्हणवून घेत नव्हता, मेकॅनिक म्हणायचा. त्यानं मशीनला मीटर लावलं, कान लावला आणि आधी मलकापूरच्या माणसाला शिव्या दिल्या. गॅस गरजेपेक्षा जास्त भरलाय, मशीनवर ताण आलाय, असल्या अडाण्यांच्या हातात वस्तू द्यायचीच कशाला, असं बरंच काही. थोडा गॅस त्यानं सोडून दिला. मग कोठीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर आला. घामानं त्याचा चष्मा धूसर झाला होता.

"ही काय भट्टी आहे का?" तो बाबांना म्हणाला. "मागं मोकळी हवा पाहिजे. तो कापूस हलवा, खिडकी फोडा, नाहीतर मशीन काढून ठेवा."

"खिडकीचं सोडून बोला," बाबा म्हणाले.

"मग निदान हे अंगणातलं दार तरी दिवसभर उघडं ठेवा. आणि तेही नसेल जमत तर झाडाखाली खाट टाका आजीबाईंची. खेड्यात एसी कशाला लावता तुम्ही लोक?"

मला त्याचंही थोबाड फोडावंसं वाटलं. माय आजीबाई नव्हती, आणि झाडाखाली तिला दम लागायचा म्हणूनच हा सगळा खटाटोप होता. ते मी त्याला सांगितलं. त्यानं मान वळवून बाबांनाच उत्तर दिलं, जणू प्रश्न त्यांनीच विचारला होता.

दोन दिवस कोठीचं दार उघडं राहिलं. मशीन बरं चाललं. पूर्ण नाही, पण बरं. माय दुपारी तासभर झोपली आणि उठून मला म्हणाली की आज मला भाकरी खावीशी वाटते. मग एका सकाळी बाबांना कापसात कोणाच्यातरी शेळ्या दिसल्या. त्या काकांच्याच आहेत आणि काकांनी मुद्दाम सोडल्या, असं त्यांनी ठरवलं. दाराला पुन्हा कुलूप लागलं. मी भांडले. ओरडून भांडले, बोळीपलीकडं ऐकू जाईल असं. बाबा म्हणाले, मास्तरीण झाली म्हणून बापाले शिकवाले निघाली. मी म्हटलं, शिकणाऱ्याले शिकवते, तुमाले नाही.

मलकापूरच्या मिस्तरीला बाबांनी परत बोलावलं. आता मात्र तो आला ते घुश्शातच. अकोल्याच्या माणसानं त्याच्याविषयी काय म्हटलं ते त्याच्या कानावर गेलं होतं. ओट्यावर न बसता थेट आत आला.

"आता काय?" तो म्हणाला.

"मशीन बंद पडून राह्यली. बंद पडाले नाई पाह्यजे," बाबा म्हणाले. "दुसरं काही मले सांगू नको."

मी मध्ये पडले. "तुम्ही अंगणात चालवली तेव्हा गार होती. तुमालेही माहीत आहे गॅसचा काही दोष नाई. मंग गॅस कायले भरला?"

तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. "बाई, म्या पहिल्याच दिवशी खरं काय ते सांगतलं. तुमच्या बाबाइनं ऐकलं नाई. दोनदा सांगाची मले सवय नाई."

"म्हणून खोटं काम करायचं?"

"जे मालक म्हणते थे काम कराचं."

"याले चोरी म्हणतात."

"बाई!" बाबा ओरडले. घरी आलेल्या माणसाचा अपमान झालेला त्यांना खपत नसे. ज्या माणसाला दोन आठवड्यांपूर्वी त्यांनीच झिडकारलं होतं, त्याच्यासाठी त्यांनी मला चहा ठेवायला सांगितलं. मी ठेवला नाही. मायनं उठून ठेवला, चुलीपुढं बसून, धुरात. मग मीच तिला बाजूला केलं.

चहा होईपर्यंत मिस्तरीनं मशीनचं बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं होतं. कप द्यायला गेले तेव्हा त्याच्या हातात एक लहानशी काळी गोल वस्तू होती, डबीच्या झाकणाएवढी. ती दाखवून तो बाबांना सांगत होता.

"मशीन लय तापली का हे तिले बंद करते. टक्क वाजते ना, थे हेच. हे काढलं आन् तार डायरेक्ट जोडली तर बंद नाई पडन. पण मंग काही झालं तर माह्यावर येऊ नका."

"जोड," बाबा म्हणाले.

मी तिथंच होते. कप हातात होता. मी म्हटलं, तापली म्हणून बंद पडते तर बंदच पडू द्या. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही. मिस्तरीनं तार जोडली, ती काळी डबी माजघराच्या कोनाड्यात ठेवली, झाकण लावलं, चहा प्यायला आणि गेला.

मशीन खरंच बंद पडेना. हवा फार गार नव्हती पण सारखी येत होती, आणि एक सारखा घूं घूं आवाज सगळ्या घरात भरून राहिला होता. बाबा शेतात जाताना माजघराच्या दारात थांबून तो आवाज ऐकायचे. मायला बरं वाटत होतं, हे मला नाकारता येत नव्हतं.

आठवडाही झाला नसेल. भर दुपारची वेळ. बाबा शेतात होते. मी माजघरात मायच्या पायांशी सुट्टीआधीच्या राहिलेल्या वह्या तपासत बसले होते. जळका वास आला. आधी वाटलं शेजारी कोणी वाती जाळतंय. मग मशीनच्या जाळीतून धुराची एक निळसर धार निघाली आणि माय खोकत उठून बसली. मी बटण बंद केलं. धार थांबली नाही. मागच्या अंगणात पळाले तर कोठीच्या दाराखालून धूर येत होता.

दाबून भरलेला कापूस पेटत नाही लवकर, धुमसतो. आत धुमसत जातो आणि बाहेरून पांढराच दिसतो. मी मायला धरून अंगणात निंबाखाली बसवलं, पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणला आणि कुलपावर मारायला लागले. कुलूप जुनं, पितळी, भरभक्कम. ते तुटेना. मी कोणाला हाका मारल्या ते मला आठवत नाही. पण बोळीकडून दणके ऐकू यायला लागले. काका होते. पहारीनं त्यांनी बाहेरच्या फळ्या उचकटल्या, मग आतल्या लाथेनं तोडल्या, आणि खिडकीतून घागरीमागून घागरी पाणी ओतायला सुरुवात केली. काकू भरून देत होती. खिडकी उघडल्यावर धूर तिकडून निघून जायला लागला, नाहीतर तो सगळा माजघरात आला असता. कुलूप शेवटी शेजाऱ्यानं कुऱ्हाडीनं तोडलं. मग जो तो कापूस ओढून अंगणात आणून पसरू लागला. कुठं कुठं आत लालभडक गाभा दिसायचा, त्यावर पाणी. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. मशीनची पाठ काळी पडली होती आणि तारा वितळून लोंबत होत्या.

काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. हात-पाय आमच्याच अंगणात धुतले आणि बोळीतून निघून गेले.

बाबांना कोणीतरी शेतात सांगितलं असावं. ते धावतच आले. अंगणात काळा-ओला कापूस पसरलेला, माय निंबाला टेकून बसलेली, ओठ निळे पडलेले. बाबा कोठीत गेले. बाहेर आले आणि पहिला शब्द बोलले तो असा,

"खिडकी कोणी उघडली?"

माय त्यांच्याकडं पाहत राहिली. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मिस्तरीला निरोप धाडला, की आणखी एक मशीन दाखवायचं आहे, लवकर ये. तो आला तेव्हा अंगणात पोलीस पाटील, गावातली चार वडीलधारी माणसं आणि बोळीच्या तोंडाशी उभे राहिलेले काका होते. पिशवी खांद्याला तशीच ठेवून मिस्तरीनं सगळीकडं पाहिलं आणि त्याला काय ते समजलं.

"यानं माह्यं घर पेटवलं," बाबा म्हणाले. "तार कायची काय जोडली. माह्या सालाचा कापूस गेला. घरची बाई मरता मरता वाचली."

"मालक, खोटं बोलू नका," मिस्तरी म्हणाला. "म्या पहिल्याच दिवशी सांगतलं, कापसात मशीन ठेवू नका."

"कवा सांगतलं? कोणाले सांगतलं?"

"तुमाले."

"याले विचारा कोणी ऐकलं."

मिस्तरीनं मग माझ्याकडं बोट केलं. "हे बाई होती तठी."

सगळे माझ्याकडं वळले. बाबाही. त्यांच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती, धाकही नव्हता. त्यांची खात्रीच होती की मी गप्प राहीन. ज्या माणसानं मला माणसांत मोजलं नव्हतं, त्याच्या बाजूनं आता मीच साक्ष द्यायची होती. मला त्याचा संताप आला, आणि बाबांचा त्याहून जास्त.

पोलीस पाटलांनी विचारलं, "सांगतलं होतं का यानं?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी. कापूस हलवा, खिडकी उघडा, असं सांगतलं. बाबा नाई म्हणाले. अकोल्याच्या माणसानंही तेच सांगतलं."

मिस्तरी ताठ उभा राहिला. मी पुढं बोलले.

"पण मशीन तापली का आपोआप बंद व्हायची. ते बंद व्हायचं यानंच काढून टाकलं. काय होईन ते याले माहीत होतं. तरी तार जोडली. डबी अजून कोनाड्यात आहे."

"मालकानं सांगतलं म्हणून जोडली," मिस्तरी म्हणाला.

"बाबांनी सांगतलं, हेही खरं आहे," मी म्हटलं.

काका बोळीच्या तोंडाशी खाली पाहत उभे होते. मला वाटतं त्या क्षणी तिथं माझ्यावर खूश असलेला एकही माणूस नव्हता.

पोलीस पाटील कंटाळलेला माणूस होता. त्यानं दोघांनाही समजावलं, की चूक दोघांची, माणूस वाचलं, आता मिटवा. मिस्तरीनं पिशवी सावरली. जाताना माझ्यापाशी थांबला. मला वाटलं काही बरं बोलेल.

"खरं बोलली बाई," तो म्हणाला, "पण अर्धं माह्याच गळ्यात घालून बोलली."

"जेवढं तुमचं होतं तेवढंच घातलं," मी म्हटलं.

तो थुंकला, माझ्यावर नाही, बाजूला, आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागला. तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

माणसं गेल्यावर बाबा म्हणाले, "घरात राहून घराच्या विरुद्ध बोलली." त्यांचा आवाज अगदी हलका होता. मी त्यांना सांगणार होते की घरात माय पण आहे, पण तेवढ्यात मायच दारात आली. तिनं चौकट धरली होती. श्वास जमवून जमवून ती बोलली.

"मी घाटावर चालली. बहिणीकडं."

मावशी बुलढाण्याला राहायची. बुलढाणा आमच्यापासून लांब नाही, पण राजूरचा घाट चढून वर गेलं की हवाच दुसरी. ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, लहानपणापासून. मायला तिकडं न्यायची गोष्ट आधीही निघाली होती. बाबा म्हणायचे, बायको दुसऱ्याच्या घरी ठेवली असं लोक म्हणतील. आणि माय तेवढ्यावर गप्प बसायची.

"लोक काय म्हणतील?" बाबा आताही म्हणाले.

"म्हणू द्या," माय म्हणाली. "खिडकी उघडली का नाई तेच्यावर बोलतील, तेच्यापेक्षा हे बरं."

सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत चढत होती. मायनं खिडकीवरचा पडदा बाजूला केला आणि तोंड बाहेर धरलं. मी तिला धूळ लागेल म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. मावशीकडं एक लहानशी खोली होती, दोन्ही बाजूंनी उघडी. पहिल्याच दिवशी माय त्या खोलीत बाज टाकून पडली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मावशी घाबरून दोनदा नाकाशी हात धरून आली. ती नुसती झोपली होती.

शाळा सुरू झाल्यावर मी रोज घाट उतरून मोताळ्याला यायचे आणि संध्याकाळी वर जायचे. बदलीचा अर्ज दिला होता, तो मंजूर व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. दुपारचा डबा शाळेतच खायचे. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, पण बाबा बोलवायला आले नाहीत आणि मीही गेले नाही. भावानं मुंबईहून त्यांना लिहून विचारलं, मशीन दुरुस्त होईल का. बाबांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं, हे आम्हाला त्या भंगारवाल्याकडूनच कळलं.

श्रावणात एकदा मधल्या सुट्टीत बाबा शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. धुतलेलं धोतर, टोपी. मी बाहेर गेले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

"दाव्याची तारीख आहे," ते म्हणाले. "वकील म्हणे, तुह्या काकानं खिडकी फोडली, हे आपल्या फायद्याचं आहे. साक्ष पाह्यजे. तू पाह्यलं ना डोळ्यानं?"

"पाह्यलं."

"मंग येशील?"

"येईन. पण आग लागली म्हणून फोडली, हेही सांगीन. न फोडती तर सगळं घर पेटलं असतं, हेही सांगीन."

बाबांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा डोक्यावर ठेवली. "मंग नको येऊ," ते म्हणाले.

ते वळले. मला वाटलं गेले. चार पावलं जाऊन थांबले आणि माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तिचा दम कसा आहे?"

"बरा आहे."

त्यांनी मान हलवली आणि गेले. संध्याकाळी मी मायला साक्षीचं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की बाबा आले होते, तुझ्या दम्याचं विचारत होते.

"असं का?" ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटवायला वाकली.